मध्येंच वर्गांत आलेलें मूल

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा भरली आहे. पांचवीच्या वर्गांत अपूर्णांकांची बेरीज चालली आहे, आणि इतक्यांत शिपाई एका नव्या मुलीला दारापाशीं आणून उभी करतो. वडिलांची बदली झाली म्हणून ती आली असेल. लांबलेल्या आजारांतून नुकतीच उठली असेल. किंवा तिचे आईबाप ज्या इमारतीच्या कामावर होते तें काम संपून त्यांना या गांवीं नवें काम लागलें असेल. कारण कोणतेंहि असो, पुढचा प्रसंग बहुधा ठरलेला असतो. तिला शेवटच्या बांकावर जागा मिळते. शेजारच्या मुलीला सांगण्यांत येतें, "हिला तुझ्या वह्या दे." आणि तिला सांगण्यांत येतें, "मागचें सगळें उतरवून घे."

मग घरीं रोज रात्रीं वह्या उतरविण्याचा उद्योग सुरू होतो. पंधरा दिवसांत सहा विषयांच्या वह्या भरतात, आईबापांना समाधान वाटतें, शिक्षकांची लाल शाईची सही होते. आणि अपूर्णांकांची बेरीज मात्र त्या मुलीला पूर्वींइतकीच येत नसते. वही भरली म्हणजे उणीव भरली, ही समजूत फार सोयीची आहे. सोयीची अशासाठीं कीं, ती सर्वांना कामाला लावते आणि कोणालाहि विचार करावयास लावीत नाहीं. शिवाय या उतरविण्यांत जे पंधरा दिवस जातात, त्यांत वर्ग आणखी पुढें सरकलेला असतो. म्हणजे मागें राहिलेलें मूल मागचें भरून काढण्याच्या खटाटोपानेंच आणखी मागें पडतें. सुशिक्षित घरांत याचा शेवट शिकवणीच्या वर्गांत होतो. ज्या घरांत शाळेची पायरी चढणारें पहिलेंच मूल असतें, तेथें तो पुष्कळदां शाळा सुटण्यांत होतो.

खरें पाहतां मूल वर्गांत नसतांना जें जें शिकवून झालें, तें सगळें सारख्या योग्यतेचें नसतें. शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेचा धडा चुकला, तरी राज्याभिषेकाचा धडा मुलाला समजतो; गोष्टीचा मधला भाग ऐकावयाचा राहिला, एवढेंच. एखाद्या दुपारीं आजोबांनीं तो वाचून दाखविला, कीं तीहि उणीव उरत नाहीं. परंतु दशक मोडून वजाबाकी करण्याची रीत चुकली, तर भागाकार समजणार नाहीं; भागाकार समजला नाहीं, तर अपूर्णांक समजणार नाहींत; आणि अपूर्णांकांवांचून शेकडेवारी व व्याज हीं दोन्ही प्रकरणें कायमचीं परकीं राहतील. पहिली उणीव एखादा कोनाडा रिकामा राहावा तशी असते, दुसरी पायांतला दगड निखळावा तशी. तेव्हां नवें मूल दारांत उभें राहिलें म्हणजे त्याचें काय काय बुडालें याची यादी करण्यांत अर्थ थोडा. आज वर्गांत जें चाललें आहे तें समजण्यास मागचें नेमकें काय लागतें, आणि त्यांतलें या मुलाजवळ काय नाहीं, एवढेंच शोधावयाचें असतें. हा शोध घेतला, तर चार महिन्यांचें बुडालेलें काम पुष्कळदां चार-सहा आठवड्यांच्या आटोक्यांत येतें.

ही अडचण वाटते तितकी पुरातन नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत ओटीवर किंवा देवळांत पंतोजींच्या ज्या शाळा भरत, त्यांत इयत्ताच नव्हत्या. एक मूल धुळपाटीवर मुळाक्षरें गिरवीत असे, दुसरें पाढे घोकीत असे, तिसरें बोरूनें मोडीचा कित्ता काढीत असे. आणि पंतोजी ज्याचा त्याला पाठ देत. दसऱ्याला आलेल्या मुलाहून माघांत आलेलें मूल चार महिने मागें असे खरें, परंतु तें कोणाच्या मागें पळत नसे. या शाळांचा गौरव करावा असें त्यांत दुसरें फारसें नव्हतें. छडी होती, घोकंपट्टी होती, आणि मुलींना व अस्पृश्य मानलेल्या जातींना तर तेथें दारच बंद होतें. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर सरकारी शिक्षणखातीं स्थापन झालीं; इयत्ता, क्रमिक पुस्तकें, वार्षिक परीक्षा यांची घडी बसत गेली, आणि शाळा अधिक मुलांना खुली झाली. मात्र त्याबरोबरच वर्ग हा आगगाडीसारखा झाला. ठरल्या वेळीं सुटावयाचें, ठरल्या वेळीं पोंचावयाचें. जो फलाटावर उशिरा आला, तो राहिला.

ती जुनी सोय नव्या स्वरूपांत परत आणण्याचे प्रयत्न झाले आहेत. आंध्र प्रदेशांतील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनीं अभ्यासाची एक शिडी तयार केली. प्रत्येक विषयाचे लहान लहान टप्पे पाडून ते चित्रांच्या कार्डांवर मांडले, आणि मूल ज्या पायरीवर असेल तेथून त्यानें पुढें जावें असें ठरविलें. कर्नाटकांत म्हैसूर जिल्ह्यांतील हेग्गडदेवनकोटे तालुक्यांत १९९५ पासून 'नली-कली' या नांवानें हीच पद्धति सरकारी शाळांत रुजली. तेथें आठवडाभर आजारी असलेलें किंवा सुगीसाठीं घरीं राहिलेलें मूल परत आलें, कीं शिडीवर आपली पायरी शोधून तेथूनच चालूं लागतें. सर्व शाळा उद्यां अशा होतील ही अपेक्षा व्यर्थ आहे. परंतु इयत्तेच्या शाळेंतहि एका मुलापुरती शिडी मांडतां येते.

त्यासाठीं आधीं तें मूल कोणत्या पायरीवर उभें आहे हें कळलें पाहिजे. या कामीं लेखी परीक्षा फारशी उपयोगी पडत नाहीं. उत्तर चुकलें एवढें ती सांगते. कां चुकलें तें सांगत नाहीं. मुलाला दहा मिनिटें जवळ बसवून, मोठ्यानें बोलत बोलत गणित करावयास लावलें, म्हणजे पुष्कळ उलगडा होतो. समजा, बावन्नांतून सत्तावीस वजा करावयास सांगितलें आणि मुलानें पस्तीस हें उत्तर काढलें. वरवर पाहणारास हा निष्काळजीपणा वाटेल. वस्तुतः त्यानें सातांतून दोन काढले आणि पांचांतून दोन काढले. लहान आंकडा नेहमीं मोठ्या आंकड्यांतून वजा करावयाचा, असा नियम त्यानें आपल्यापुरता बसविला आहे आणि तो तें प्रामाणिकपणें पाळीत आहे. त्याला आणखी वीस वजाबाक्या घालून दिल्या, तर वीसहि वेळां तो तीच चूक अधिक सफाईनें करील.

त्याला हवें असतें तें निराळेंच. दहा रुपयांच्या पांच नोटा आणि रुपयाचीं दोन नाणीं त्याच्या हातांत द्यावीं आणि सत्तावीस रुपये मागावे. दोन नोटा तो लगेच काढून देईल. सात सुटे देतांना अडेल; आणि मग एक नोट मोडून आणावी लागेल हें त्याचें त्यालाच सुचेल. वाण्याच्या दुकानीं जाणाऱ्या मुलाला तर हें सुचतेंच सुचतें. नोट मोडली, चार नोटा व बारा नाणीं झालीं, सत्तावीस देऊन दोन नोटा व पांच नाणीं उरलीं. हेंच पाटीवर आंकड्यांत मांडून दाखविलें, कीं हातच्याचें गूढ उकलतें. याला फार तर दोन दिवस लागतात. त्यानंतर त्या वीस वजाबाक्या खुशाल घालाव्या.

मराठींत संख्यांचीं नांवें हा आणखी एक छपलेला खड्डा आहे. त्रेपन्न म्हणतांना तीन आधीं उच्चारले जातात आणि पन्नास मागाहून; लिहितांना मात्र पांच आधीं येतो. एकोणसाठ या शब्दांत तर कानाला साठ ऐकूं येतात, आणि लिहावे लागतात पांच आणि नऊ. ज्या मुलाचे पहिली-दुसरींतले कांहीं महिने बुडाले, त्याचा येथें गोंधळ असण्याचा संभव फार. आणि तो पुढें कित्येक महिने कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं, कारण फळ्यावरचे आंकडे तें मूल बिनचूक उतरवितें. तोंडानें सांगितलेली संख्या लिहावयास लावली, म्हणजेच पस्तीसच्या जागीं त्रेपन्न बाहेर पडतात. २०१९ सालीं दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकांत एकवीस या नांवाबरोबर 'वीस एक' असेंहि वाचन दिलें गेलें, तेव्हां महाराष्ट्रांत मोठा वाद उसळला. भाषेच्या सौष्ठवाविषयीं त्यांत पुष्कळ बोललें गेलें. या गोंधळलेल्या मुलांविषयीं त्या मानानें थोडें.

आतां पुन्हा त्या पांचवींतल्या मुलीकडे. तिनें अर्धा आणि एक-तृतीयांश यांची बेरीज दोन-पंचमांश अशी केली. वरचे वर मिळविले, खालचे खालीं मिळविले. तिला ल.सा.वि.ची रीत पुन्हा घोकावयास लावण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावा. अर्धी भाकरी ताटांत आहे, तींत आणखी एक तुकडा वाढला. आतां ताटांत अर्ध्या भाकरीहून अधिक झालें कीं कमी? अधिक, हें ती हंसत सांगेल. मग दोन-पंचमांश हें तर अर्ध्याहूनहि कमी आहे, हें पांच समान भाग आंखून दाखवितांच तिच्या डोळ्यांत जो प्रश्न उभा राहतो, तेथून खरें शिकणें सुरू होतें. तुकडे सारख्या आकाराचे केल्यावांचून ते मोजतां येत नाहींत, हें कळलें कीं सहा भाग कां करावयाचे आणि पांच-षष्ठांश कसे आले, हें रीत म्हणून नव्हे तर गरज म्हणून पटतें. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच इतके अपूर्णांक ज्या भाषेंत रोजच्या बोलण्यांत आहेत, त्या भाषेंतल्या मुलाला या प्रकरणाची भीति वाटावी, हें जरा नवलच आहे.

भाषेच्या विषयाचा शोध याहून सोपा. एक अनोळखी उतारा मोठ्यानें वाचावयास द्यावा आणि मूल कोठें अडखळतें तें ऐकावें. जोडाक्षरांपाशीं अडत असेल तर तेवढींच घ्यावीं. अक्षरें वाचून अर्थ लागत नसेल तर शब्द कमी पडत आहेत हें ओळखावें. ज्या मुलाच्या घरची बोली वर्गाच्या भाषेहून निराळी आहे, त्याच्या बाबतींत मात्र घाई करूं नये. असें मूल कित्येक आठवडे गप्प बसतें. तें ऐकत असतें, शब्द सांठवीत असतें. त्या मौनाला मंदपणा समजून त्याला खालच्या वर्गांत बसविणें हा अन्याय होय, आणि तो पुष्कळ ठिकाणीं घडतो.

महाराष्ट्रांत या प्रश्नाचें सर्वांत मोठें रूप ऊसतोडणीच्या हंगामांत दिसतें. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखों माणसें मुकादमाकडून उचल घेऊन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर येथील व कर्नाटकांतील कारखान्यांकडे जातात. गाळपाचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरांत सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. शाळेचें वर्ष जूनच्या मध्यावर सुरू होतें. म्हणजे मुलानें पहिलें सत्र गांवांत काढावयाचें, आणि दुसरें सत्र कारखान्याजवळच्या कोपींत धाकट्या भावंडाला सांभाळीत किंवा पाणी भरीत घालवावयाचें. परत येतें तेव्हां परीक्षा तोंडावर असते किंवा होऊन गेलेली असते. पुढच्या जूनमध्यें तें वरच्या वर्गांत बसतें, पण त्याच्याजवळ खालच्या वर्गाचा पहिला अर्धाच भाग असतो. आणि हें वर्षानुवर्षें चालतें. वर्गांत पुष्कळ बंजारा मुलेंहि असतात, ज्यांच्या घरीं गोरमाटी बोलली जाते. त्यांच्यापुढें दोन अडचणी एकदमच उभ्या राहतात.

यावर योजना झाल्या. कारखान्यांच्या परिसरांत साखरशाळा निघाल्या. आईबाप गेले तरी मुलांना गांवींच राहतां यावें म्हणून हंगामी वसतिगृहें उघडलीं. मूल कोणत्या वर्गांत होतें हें नव्या शाळेला कळावें यासाठीं शिक्षण हमी कार्डें आलीं. या सर्वांत वसतिगृहाची कल्पना मुळाशीं जाणारी, कारण तींत मूल मुळीं उशिरा येतच नाहीं. परंतु मुलगी वयांत आलेली असली म्हणजे आईबाप तिला मागें ठेवण्यास धजत नाहींत, आणि लहानग्याला सांभाळावयास तीच हवी असते. म्हणून कोणीतरी सतत उशिरा येतच राहणार, हें धरूनच शाळेनें चाललें पाहिजे.

कायद्यानें तें धरलेलें आहे. १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आलेल्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वर्षाच्या मध्यें आलें म्हणून प्रवेश नाकारतां येत नाहीं, आणि जुन्या शाळेचा दाखला आला नाहीं या सबबीवर त्याला थांबवून ठेवतां येत नाहीं. कधींच शाळेंत न गेलेलें किंवा मध्येंच शाळा सुटलेलें मूल त्याच्या वयाच्या मुलांच्या वर्गांत घ्यावयाचें असतें. दहा वर्षांच्या मुलाला सहा वर्षांच्या मुलांत बसवावयाचें नसतें. बरोबरीस येण्यासाठीं त्याला खास प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. केंद्राच्या आदर्श नियमांप्रमाणें तें कमींत कमी तीन महिने आणि जास्तींत जास्त दोन वर्षें चालतें, आणि तें संपल्यावरहि शिक्षकानें त्याच्याकडे विशेष लक्ष पुरवावयाचें असतें, अभ्यासांत तसेंच मनानेंहि तें वर्गांत मिसळावें म्हणून. हा हक्क बहुतेक पालकांना ठाऊक नसतो. घरीं कामाला येणाऱ्या बाईनें एखाद्या दिवशीं सांगितलें, कीं "गांवाहून पोराला आणलं, पण शाळा म्हणते आतां जूनमध्यें या," तर शिकलेल्या घरानें तिच्याबरोबर शाळेपर्यंत जावें, एवढें तरी सहज करण्यासारखें आहे.

शाळेंत हें काम करावें कोणीं, हा पुढचा प्रश्न. साठ मुलांच्या वर्गांत शिक्षकानें एकट्यानें करावें म्हटलें तर तें होत नाहीं. मुंबई व बडोदें येथील नगरपालिकेच्या शाळांत 'प्रथम' या संस्थेनें बालसखी नांवाचा उपक्रम चालविला होता. वस्तींतलीच, माध्यमिक शिक्षण झालेली एखादी तरुण मुलगी थोडेंसें प्रशिक्षण घेऊन येई आणि तिसरी-चौथींतल्या मागें पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज शाळेच्या वेळांतच दोन तास वेगळें घेऊन बसे. त्यांत त्यांचें वाचन आणि साधें अंकगणित, एवढेंच पक्कें करून घ्यावयाचें. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००१ ते २००३ या काळांत याचा बारकाईनें अभ्यास केला. मुलांची प्रगति स्पष्ट दिसली, आणि सर्वांत मागें असलेल्यांची सर्वांत अधिक. पदवीधर तज्ज्ञांनीं नव्हे, तर चुकलेली पायरी नेमकी ओळखून तेथें रोज बसणाऱ्या मुलींनीं हें घडविलें. २०२० च्या मार्चमध्यें करोनाच्या साथीनें शाळा बंद झाल्या, तेव्हां तर सगळा वर्गच उशिरा आलेला ठरला, आणि महाराष्ट्रांत जुलै २०२१ मध्यें पंचेचाळीस दिवसांचा सेतु अभ्यासक्रम आंखावा लागला. त्यांतहि मागील इयत्तेचें पुस्तक पहिल्यापासून घेतलें नव्हतें. पुढें जाण्यास लागणारा भागच निवडला होता.

ज्या शाळेंत अशी सखी नाहीं, तेथें वर्गांतलाच एखादा सोबती नेमावा. येथें बहुतेक शिक्षक पहिल्या नंबराच्या मुलाकडे बोट दाखवितात, आणि निवड चुकते. हुशार मुलाला गणित झटकन् येतें; कोठें अडतें हें त्याला आठवतच नाहीं, आणि दोन दिवसांत तो आपली वही पुढें सरकवून मोकळा होतो. गेल्याच महिन्यांत धडपडत जो तें शिकला, त्याला वाटेंतले खड्डे ताजे ठाऊक असतात. सोबत्याची जागा नव्या मुलाशेजारीं असावी, आणि ती शेवटच्या बांकावर नसावी.

घरानें काय करावें? रोज ठरल्या वेळीं अर्धा तास, एकच विषय, एकच पायरी. रविवारीं चार तास बसविल्यानें हें साधत नाहीं. हा अर्धा तास खेळाच्या वेळांतून कापून घेऊं नये. नव्या गांवांत मुलाला मित्र मिळतात ते मैदानावर, आणि वर्गांत शंका विचारण्याचें धैर्य त्या मैत्रींतूनच येतें. चित्रकलेच्या किंवा कवाइतीच्या तासाला त्याला बाहेर काढून गणित देणाऱ्या शाळांनींहि याचा विचार करावा. त्या एका तासांत तरी तें मूल कोणाच्याहि मागें नसतें. पाहुण्यांपुढें "आमचा जरा मागें पडला आहे" हें वाक्य मूल ऐकत असतांना उच्चारूं नये. शिकवणीला घालावयाचें झालें, तर आधीं तेथील शिक्षकांना मुलाला कोणती पायरी येत नाहीं तें सांगावें. एरवीं तेथेंहि पहिल्या प्रकरणापासून आरंभ होतो आणि पैसे व संध्याकाळ दोन्ही खर्च होतात.

ही मदत केव्हां थांबवावी, असें पालक विचारतात. गुणांवरून तें लगेच कळत नाहीं. मुलाच्या चुका पाहाव्या. आरंभीं त्या इतर मुलांहून निराळ्या असतात; पस्तीसच्या जागीं त्रेपन्न, अर्ध्याच्या भरीस दोन-पंचमांश. पुढें कांहीं आठवड्यांनीं त्याच्या चुका वर्गांतल्या चारचौघांसारख्या होऊं लागतात. ज्या गणितांत सगळे घसरले त्यांतच तेंहि घसरतें, आणि घरीं येऊन शिक्षकांनीं गणित अवघड घातलें अशी तक्रार करतें. मग तो अर्धा तास बंद करावयास हरकत नाहीं.